बिनक्लीनरची गाडी

१

आमच्या गाडीची वॉरंटी संपली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण मी गॅरेजवाल्याची मुलगी, बाहुल्यांऐवजी पान्यांशी खेळून वाढलेली. दारात सहाचाकी ट्रक उभा आणि त्याच्या एका नटाला हात लावायची मला बंदी! जिथे बघावं तिथे कंपनीचं सील. सील तोडलं की वॉरंटी गेली. म्हणजे ताट वाढलेलं आणि हात बांधलेले, असं माझं झालं होतं.

तशात गाडीने दोन खोड्या सुरू केल्या होत्या. एक म्हणजे स्टिअरिंग क्लीनर साईडला ओढायचं. ड्रायव्हर लोक डावी-उजवी म्हणत नाहीत. ते स्वतः बसतात ती ड्रायव्हर साईड आणि दुसरी क्लीनर साईड, मग गाडीवर क्लीनर असो वा नसो. आमच्या गाडीवर तो कधीच नव्हता. दुसरी खोडी ब्रेकची. पेडल कधी लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं, तर कधी पाय ठेवायच्या आधीच खाली गेलेलं असायचं.

हे सगळं मला आमच्या ह्यांनी सांगितलेलं. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, खाणीतून खडी भरून खालच्या कारखान्यात नेऊन ओततात. दोन्हींच्या मध्ये लांबलचक उतार आहे. त्याच्या एका बाजूला कापलेला खडक आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. अशा रस्त्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही लहरी झाले तर घरी बसलेली बायको दिवसभर रस्त्याकडे कान लावून बसणार. हौस ही हौसेच्या जागी. नवरा संध्याकाळी धड घरी यावा, एवढंच मला हवं होतं.

सर्व्हिस सेंटरला मी कंबर कसून गेले. तिथला साहेब गोड बोलणारा होता. वॉरंटीत असताना आम्ही दोनदा गाडी आणली तेव्हा त्याने नवी गाडी आहे, बसेल हळूहळू, असं सांगून परत पाठवलं होतं. आता म्हणाला, वॉरंटी गेल्या आठवड्यात संपली, तेव्हाच आणायची होती. मी भांडले, आवाज चढवला, पण तो हसतच राहिला. शेवटी उपकार केल्यासारखा त्याने एक मेकॅनिक ह्यांच्याबरोबर चक्कर मारायला पाठवला.

चक्कर मारून आल्यावर मेकॅनिक म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, एकदम सरळ चालते. आणि जाता जाता त्याने ह्यांना विचारलं, "तुमचा क्लीनर मधेच कुठे उतरला?"

ह्यांना वाटलं, तो दुसऱ्या कुठल्या गाडीबद्दल बोलतोय.

२

मग काय, रान मोकळं! घरामागच्या शेडमध्ये गाडी घेतली आणि मी एकेक सील फोडत सुटले. माझी धाकटी नणंद आमच्याकडेच राहते. ती झोपेतही बोलते, म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो. ती दारात उभी राहून म्हणाली, वहिनी, तुला दागिने घातले असते तरी तू इतकी खुलली नसतीस.

स्टिअरिंगचे सगळे जोड उघडले. कुठे ढिलाई नाही, झीज नाही, काही वाकलेलं नाही. चाकं मापात. ब्रेकही उघडले, तिथेही सगळं कोरं करकरीत. दोष सापडला असता तर मी त्याचा मुका घेतला असता. तो सापडत नव्हता, आणि दोष नसताना गाडी ओढते म्हणजे काय ते माझ्या डोक्यात बसत नव्हतं. स्टिअरिंगचं नंतर बघू म्हटलं. ब्रेकमध्ये हवा शिरली असणार, ती आधी काढू.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर केबिनमध्ये पेडलवर, दुसरं खाली चाकापाशी. खालच्याने म्हणायचं, दाबा. वरच्याने पेडल दाबून धरायचं. मग खालच्याने चाकाजवळची निप्पल, म्हणजे तेलाची बारीक तोटी, सैल करायची की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. निप्पल आवळून म्हणायचं, सोडा. असं बुडबुडे संपेपर्यंत. आमच्या शेडला लागून टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतो. वरच्याचा आवाज खाली येत नाही. म्हणून वडिलांनी शिकवलेली रीत मी वापरते. वरच्याने पान्याने केबिनच्या पत्र्यावर ठोकायचं. एक ठक म्हणजे दाबलं, दोन म्हणजे सोडलं.

हे वर बसले, मी खाली. "अहो, दाबा." ठक. "अहो, सोडा." ठक ठक. मागची चाकं झाली. मी पाठीवर सरपटत पुढच्या चाकाशी आले. काम असं झकास चाललं होतं की मी गुणगुणत होते. अहो, दाबा. ठक. निप्पल उघडली, तेलाची धार लागली.

तेवढ्यात बाजूने दोन बूट चालत आले आणि ह्यांचं तोंड गाडीखाली डोकावलं. हातात चहाचा कप होता. "गार होईल," म्हणाले.

निप्पल उघडी, धार चालू, म्हणजे पेडल दाबलेलं, आणि हे माझ्यासमोर उकिडवे बसलेले. माझ्या हाताने सवयीने निप्पल आवळली आणि तोंडाने सवयीने म्हटलं, "अहो, सोडा."

"काय सोडू? कप?" म्हणून हे हसायला लागले.

आणि माझ्या डोक्यावर पत्र्यात दोन ठोके पडले.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. केबिनमध्ये चढून बघितलं. दोन्ही दारं बंद, काचा वर, सीटवर ह्यांचा पंचा, खाली पाना पडलेला. पत्रा तापला की टकटकतो. पेडलची स्प्रिंग सावकाश उलटते. अशी चार कारणं मी मनात मांडली आणि चारही मला पटली. पटल्यावर मात्र परत गाडीखाली शिरण्याआधी मी दोन्ही दारं पुन्हा एकदा ओढून बघितली.

ह्यांना खाणीवरून बोलावणं आलं, म्हणून मी रेडिओला वर बसवली आणि पहिल्यापासून हवा काढली. ती दाबायची, ठोकायची, सोडायची आणि मधल्या वेळात, मला ऐकू येवो न येवो, शेजारणीची सगळी कुंडली सांगायची. दुपार सरली, तेलाची बाटली संपत आली, तरी बुडबुडे थांबेनात. पेडल लिबलिबीतच. शेवटी ती कंटाळली, माझ्या कंबरेचा पार बुकणा झालाय म्हणाली, आणि घरात गेली.

मी तशीच खाली पडून राहिले. कॉम्प्रेसर थांबला होता. इतकी शांतता होती की निप्पलमधून पडणारा थेंब ऐकू येत होता. मी स्वतःशीच म्हटलं, बाई, वेडेपणा करू नकोस. आणि मग हळूच म्हणाले, "अहो, दाबा."

काही नाही. मला हसू आलं.

मग पत्र्यावर ठक झालं.

मी निप्पल सैल केली. स्वच्छ, सोनेरी, सलग धार आली, बुडबुड्याचा पत्ता नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. दिवसभर डोकं आपटून जे होईना ते एका हाकेत झालं होतं! मी चारही बाजूंनी तसंच केलं. दाबा म्हटलं की दाबलं जायचं, सोडा म्हटलं की सुटायचं. इतका शहाणा मदतनीस मला आयुष्यात मिळाला नव्हता. वर कोण आहे ते बघायला मात्र मी एकदाही मान वाकडी केली नाही.

मग गाडी अंगणात काढून बघितली. ब्रेक असा लागला की माझं कपाळ काचेला टेकलं.

रात्रीच्या जेवणावर मी सगळं सांगून टाकलं. हे घास हातात धरून पोट धरधरून हसले. आपल्याला फुकटचा क्लीनर मिळाला म्हणाले. रेडिओ हसली नाही. ती म्हणाली, "वहिनी, चूक तुझीच आहे. तू दादाला नावाने हाक मारत नाहीस, नुसतं अहो. आता अहो म्हटल्यावर कोणीही ओ देईल की."

नवऱ्याचं नाव घ्यायची मला लाज नाही, ते कधी जिभेवरच आलं नाही. ह्यांना त्याची भारी हौस. एकदा तरी नावाने हाक मार, माझ्या नावाने माझी आईच काय ती बोलावते, म्हणून लग्न झाल्यापासून मागे लागलेत. त्या रात्रीही लागले. मी नाही म्हटलं आणि भांडी आवरायला उठले.

४

गाडी नेऊ नका म्हणून सकाळी मी दारात आडवी उभी राहिले. हे ऐकेनात. ब्रेक बघितलास ना कसा लागतो, मग? ब्रेक मीच केला होता आणि तो उत्तम होता. मग मीही येते, म्हटलं, आणि चढून क्लीनर साईडच्या सीटवर बसले.

खाणीवर खडी भरली आणि उतार सुरू झाला. गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ. हे एका बोटाने स्टिअरिंग धरून मला दाखवत होते. बघ, ओढतच नाही! त्यांचा आनंद गगनात मावेना आणि मलाही तो लागला. खिडकीतून वारा येत होता, खडक सर्रकन मागे पळत होता, आणि मला वाटलं, जिंकलं आपण. त्या गोडबोल्या साहेबासमोर ही गाडी नेऊन उभी करायची.

मग उगाच एक विचार आला. स्टिअरिंग क्लीनर साईडला ओढायचं. आज त्या सीटवर मी बसले आणि ओढणं थांबलं. इथे जे कोणी बसत असेल, ते आज कुठे बसलंय?

हे रंगात आले होते. फुकटच्या क्लीनरचं त्यांनी लावूनच धरलं. त्याला जेवायला काय द्यायचं, त्याला झोपायला कुठे जागा करायची, रेडिओशी त्याचं लग्न लावू या का. मी दोनदा गप्प बसा म्हटलं. उतार तीव्र होत होता. ह्यांचा पाय ब्रेकवर होता, गाडी छान आवरलेली होती, आणि मी वैतागून म्हणाले, "अहो, सोडा ना आता तो विषय."

पायाखाली ठक ठक झालं.

ह्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्यांचा पाय एकदम खाली गेला, पार पत्र्याला जाऊन भिडला. त्यांनी उचलून परत मारला. पेडल रिकाम्या पिशवीसारखं. गाडीने वेग घेतला. मागे भरलेली खडी, पुढे वळण, वळणापलीकडे हवा. हे खालचा गिअर टाकायला गेले तर तो बसेना, दातावर दात घासल्याचा आवाज आला आणि इंजिनच गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. हे उभे राहून पेडल तुडवत होते. मला सगळं लख्ख दिसत होतं. ब्रेक कधी दुरुस्त झालाच नव्हता. तो कोणीतरी दाबून धरत होतं, आणि मी त्याला सोड म्हटलं होतं.

"अहो, दाबा!" मी किंचाळले.

"दाबतोय गं, दाबतोय..."

ठक.

मी समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळले. टायर किंचाळले, रबराचा वास नाकात शिरला, स्टिअरिंग ह्यांच्या हातून गरकन क्लीनर साईडला फिरलं आणि गाडी खडकाच्या कुशीशी तिरकी होऊन उभी राहिली.

५

हे घामाने निथळत होते आणि हसत होते. सुटका झाल्यावर माणूस हसतो तसं. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, बघितलंस, तू ओरडलीस आणि लागला. हँडब्रेक ओढला होता, पण भरल्या गाडीला त्या उतारावर हँडब्रेक म्हणजे बुडत्याला काडीचा आधार. गिअर मधेच अडकून बसलेला. म्हणून मला म्हणाले, इकडे सरक, ब्रेकवर पाय ठेव, मी चाकाला दगड लावतो. मी थांबा म्हणेपर्यंत सीटमागचा दगड उचलून ते खाली उतरलेही.

मी सरकून त्यांच्या जागेवर गेले आणि पाय ब्रेककडे नेला. पायाला ब्रेक लागेना. पेडल पार खाली दाबलेलं होतं, कोणाचाही पाय त्यावर नसताना.

मी वाकून बघितलं. काळ्या रबरात पाच खळगे पडलेले होते. अंगठ्याचा मोठा आणि त्याच्या शेजारी लहान लहान होत गेलेले चार. अनवाणी पायाचे. तिथे रबर दबून चकाकत होतं. मी बघत असताना करंगळीचा खळगा जरासा हलला, फार वेळ एका जागी ठेवलेला पाय आपण हलवतो तसा.

मी पाय वर ओढून घेतला. समोरच्या काचेतून हे चाकापुढे जाऊन वाकताना दिसले. डोकं आणि खांदे बंपरच्या खाली गेले. दगड नीट बसत नसावा. गाडी त्याच्यावर टेकवायला म्हणून ते खालून ओरडले, "सोड जराशी!"

मी खाली बघितलं. पेडल हललं नाही.

ते ह्यांचं ऐकत नव्हतं. 'सोड' त्याच्यासाठी नव्हतंच. ते माझ्या हाकेची वाट बघत होतं, माझ्या 'अहो'ची. नवरा बायकोच्या हाकेची बघतो तशी.

ह्यांना चाकापुढून बाजूला काढायला हवं होतं, आणि आत्ताच्या आत्ता. पण सांगणार कसं? अहो, बाजूला व्हा, म्हटलं तर दोघंही बाजूला होणार. अहो, उठा, म्हटलं तर दोघंही उठणार. ह्यांना जे सांगेन ते त्यालाही पोचणार होतं, आणि ते तर गुणी, सांगितल्याबरोबर करणारं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना हाक मारायला मी फक्त ह्यांचा असा एकही शब्द ठेवला नव्हता.

एक सोडून. मी खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर आले आणि ह्यांना नावाने हाक मारली.

हे जागच्या जागी थबकले. मग सावकाश बंपरखालून डोकं बाहेर काढलं आणि तिथेच, चाकासमोर, गुडघ्यांवर बसून वर बघितलं. दगड अजून हातातच होता. चेहरा असा उजळला होता, जसा मी लग्नाच्या दिवशीही बघितला नव्हता.

"काय म्हणालीस?" हे म्हणाले. "परत एकदा म्हण."

मी हाताने खुणा करत होते, सरका, सरका. ते हाताकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

ती हाक आत केबिनमध्येही ऐकू गेली होती, आणि ती त्याच्यासाठी नव्हती. मग माझ्या पायाखालच्या पत्र्यावर ठक झालं. एकदाच. एक म्हणजे दाबलेलं, मी मनात म्हटलं. हे अजून हसत होते.

मग दुसरी ठक झाली.